डॉ. आस्ब्योर्न फोलिंग : मुलांच्या आहाराला उपचाराचे स्थान मिळवून देणारे संशोधक

नवजात अर्भकाच्या टाचेतून रक्ताचे काही थेंब घेऊन ते जाड शोषक कागदावर सुकवायचे आणि तो कागद प्रयोगशाळेत पाठवायचा, ही चाचणी आज जगातील अनेक देशांत बाळाच्या जन्मानंतर पहिल्या काही दिवसांतच केली जाते. फिनाइलकीटोन्युरिया या आनुवंशिक विकारासाठी ही चाचणी प्रथम मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. हा विकार वेळेवर ओळखला आणि बाळाला योग्य, मर्यादित आहार दिला, तर ते इतर मुलांप्रमाणेच वाढते, बोलू लागते आणि शाळेत जाते. विकार ओळखला गेला नाही, तर त्याच बाळाच्या मेंदूची कायमची हानी होते. एका आयुष्याच्या दोन वाटा इतक्या स्पष्टपणे आहारावर अवलंबून असल्याची उदाहरणे वैद्यकशास्त्रात फार थोडी आहेत. हा विकार सर्वप्रथम ओळखण्याचे श्रेय नॉर्वेचे वैद्यक आणि रसायनशास्त्रज्ञ डॉ. आस्ब्योर्न फोलिंग यांच्याकडे जाते.

फोलिंग यांचा जन्म २३ ऑगस्ट १८८८ रोजी मध्य नॉर्वेतील त्रोंडेलाग प्रांतात, स्टाइनशेर शहराजवळच्या क्वाम येथे एका शेतकरी कुटुंबात झाला. त्यांचा ओढा प्रथम रसायनशास्त्राकडे होता. ट्रॉन्डहाइम येथील नॉर्वेच्या तंत्रविज्ञान संस्थेतून १९१६ मध्ये त्यांनी रसायनशास्त्राची पदवी घेतली. त्यानंतर ते वैद्यकीय शिक्षणाकडे वळले. त्या काळी क्रिस्तियानिया या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आजच्या ऑस्लो शहरात त्यांनी हे शिक्षण घेतले आणि १९२२ मध्ये ते वैद्यकीय पदवीधर झाले. रसायनशास्त्र आणि वैद्यक या दोन्ही शाखांचे रीतसर शिक्षण घेतलेले डॉक्टर त्या काळात विरळाच होते. फोलिंग यांच्या पुढील कार्यात हीच दुहेरी तयारी निर्णायक ठरली.

शरीरातील आम्ल आणि अल्कली यांचा समतोल हा त्यांच्या सुरुवातीच्या संशोधनाचा विषय होता. अमोनियम क्लोराइडच्या सेवनाने शरीरात निर्माण होणाऱ्या आम्लतेवर त्यांनी प्रबंध लिहिला आणि १९२९ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. रॉकफेलर प्रतिष्ठानच्या शिष्यवृत्तीवर त्यांनी अमेरिकेतील नामवंत वैद्यकीय संस्थांमध्येही काही काळ काम केले. चयापचय, म्हणजे शरीरात अन्नाचे होणारे रासायनिक रूपांतर, हे त्यांच्या अभ्यासाचे क्षेत्र बनले. १९३२ मध्ये ऑस्लो विद्यापीठात पोषण संशोधनाचे प्राध्यापक म्हणून त्यांची नियुक्ती झाली. पोषणाचा हा प्राध्यापक दोनच वर्षांत अशा विकाराचा शोध लावणार होता, ज्यावरचा उपचार पुढे स्वयंपाकघरातच सापडायचा होता.

१९३४ मध्ये एक माता आपल्या दोन मुलांना घेऊन फोलिंग यांच्याकडे आली. मुलीचे वय सुमारे साडेसहा वर्षे, तर मुलाचे चार वर्षांच्या आसपास होते. दोन्ही मुले जन्मतः निरोगी दिसली होती. मात्र मुलगी उशिरा चालू लागली, तिला मोजकेच शब्द बोलता येत होते आणि तिची चाल अडखळत होती. मुलाची स्थिती अधिक गंभीर होती. त्याला चालता किंवा बोलता येत नव्हते आणि जेवण्यासाठीही त्याला दुसऱ्याची मदत लागत असे. आईने याआधी अनेक डॉक्टरांना विचारले होते, परंतु कोणालाच कारण सांगता आले नव्हते. मुलांच्या अंगाला आणि लघवीला एक विचित्र, कुबट वास येतो, ही गोष्ट तिने वारंवार डॉक्टरांच्या निदर्शनास आणली होती. या वासाचा मुलांच्या मंद वाढीशी काही संबंध असावा, असा तिचा संशय होता. त्याकडे कोणी विशेष लक्ष दिले नव्हते.

फोलिंग यांनी मुलांची तपासणी केली. शारीरिक तपासणीत उलगडा होण्यासारखे फारसे काही आढळले नाही. त्यानंतर त्यांनी मुलांच्या लघवीची नेहमीची तपासणी केली. त्यात फेरिक क्लोराइडच्या द्रावणाचाही समावेश होता. मधुमेही रुग्णांच्या लघवीतील कीटोन शोधण्यासाठी हे द्रावण वापरले जात असे. कीटोन असतील तर लघवीला जांभळट लाल रंग येतो, नसतील तर द्रावणाचा मूळचा तपकिरी रंग कायम राहतो. या दोन मुलांच्या लघवीत द्रावण टाकताच गडद हिरवा रंग उमटला आणि काही मिनिटांत तो फिका पडला. असा रंग फोलिंग यांनी पूर्वी कधीही पाहिला नव्हता आणि उपलब्ध ग्रंथांतही त्याची नोंद आढळली नाही.

मुलांना दिल्या जाणाऱ्या एखाद्या औषधामुळे हा रंग येत असावा, ही पहिली शक्यता होती. म्हणून फोलिंग यांनी आईला सर्व औषधे आठवडाभर थांबवण्यास सांगितले. त्यानंतरही लघवीचा रंग हिरवाच आला. तेव्हा या रंगास कारणीभूत असलेला पदार्थ वेगळा करून ओळखण्याचे काम त्यांनी हाती घेतले. हे काम सोपे नव्हते. त्या काळी आजच्यासारखी स्वयंचलित विश्लेषण यंत्रे नव्हती आणि हवेच्या संपर्कात आला की तो पदार्थ टिकत नसे. सुमारे दोन महिने ती माता मुलांची लघवी प्रयोगशाळेत आणून देत राहिली. एकूण २० लिटरहून अधिक लघवीवर प्रक्रिया करून फोलिंग यांनी तो पदार्थ शुद्ध स्फटिकांच्या रूपात मिळवला. त्याच्या विघटनातून बेन्झाल्डिहाइड आणि बेन्झॉइक आम्ल मिळाल्याने त्यात बेन्झीनचे वलय असल्याचे स्पष्ट झाले. पुढे रासायनिक विश्लेषण आणि द्रवणांक यांच्या आधारे तो पदार्थ फिनाइलपायरुविक आम्ल असल्याचे निश्चित झाले. निरोगी माणसाच्या लघवीत हे आम्ल आढळत नाही.

केवळ एका कुटुंबातील दोन मुलांवरून निष्कर्ष काढणे फोलिंग यांना मान्य नव्हते. ऑस्लो आणि परिसरातील संस्थांमध्ये राहणाऱ्या, बौद्धिक वाढ खुंटलेल्या ४३० व्यक्तींच्या लघवीचे नमुने त्यांनी तपासले. त्यांपैकी आठ जणांच्या लघवीत तोच हिरवा रंग आणि तेच आम्ल आढळले. अशा प्रकारे एकूण १० रुग्णांची माहिती त्यांनी १९३४ मध्येच एका जर्मन शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. या रुग्णांमध्ये काही सख्खी भावंडे होती. त्यावरून हा विकार आनुवंशिक असावा, असा निष्कर्ष निघत होता. फोलिंग यांनी या विकाराला लॅटिन भाषेत इम्बेसिलितास फिनाइलपायरुविका असे नाव दिले. फिनाइलकीटोन्युरिया हे आज रूढ असलेले नाव ब्रिटनमध्ये १९३०च्या दशकातच पुढे आले. नॉर्वेमध्ये मात्र तो फोलिंग यांच्याच नावाने ओळखला जातो.

या शोधाचे महत्त्व एका विकारापुरते मर्यादित नव्हते. ब्रिटिश वैद्यक आर्चिबाल्ड गॅरॉड यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी चयापचयातील जन्मजात दोषांची संकल्पना मांडली होती. शरीरातील एखादी रासायनिक क्रिया जन्मतःच खंडित असू शकते आणि हा दोष आनुवंशिक असतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. परंतु बौद्धिक अक्षमतेच्या मुळाशी असा एखादा रासायनिक दोष असू शकतो, हे फोलिंग यांच्या संशोधनाने प्रथमच ठोसपणे दाखवून दिले. त्या काळी अशा मुलांचे भवितव्य जन्मतःच ठरलेले आणि न बदलणारे मानले जात असे. दोष रासायनिक असेल, तर त्यावर रासायनिक उपायही असू शकतो, हा विचार या शोधामुळे शक्य झाला.

पुढील काही वर्षे फोलिंग आणि त्यांचे सहकारी या विकाराचा पाठपुरावा करीत राहिले. मांस, दूध, डाळी, धान्ये अशा प्रथिनयुक्त अन्नातून फिनाइलॲलनिन हे अमिनो आम्ल शरीराला मिळते. फिनाइलपायरुविक आम्ल त्यापासूनच तयार होत असावे, असा त्यांचा कयास होता. सहकारी कार्ल क्लॉस यांच्यासह त्यांनी जिवाणूंच्या साहाय्याने रक्तातील फिनाइलॲलनिन मोजण्याची पद्धत विकसित केली. १९३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनातून रुग्णांच्या रक्तात फिनाइलॲलनिनचे प्रमाण अतिशय वाढलेले असल्याचे सिद्ध झाले. १९४५ मध्ये अन्य सहकाऱ्यांसह त्यांनी या विकाराच्या आनुवंशिकतेवरही संशोधन प्रसिद्ध केले. सदोष जनुक आई आणि वडील या दोघांकडूनही आले, तरच मूल आजारी पडते. आईवडील स्वतः निरोगी असतात, मात्र प्रत्येक गर्भधारणेत बाळाला हा विकार होण्याची शक्यता २५ टक्के असते.

१९५३ मध्ये अमेरिकेत डॉ. जॉर्ज जर्विस यांनी मूळ दोष यकृतात असल्याचे दाखवून दिले. फिनाइलॲलनिनचे टायरोसीन या दुसऱ्या अमिनो आम्लात रूपांतर करणारे विकर या रुग्णांच्या यकृतात काम करीत नाही. परिणामी फिनाइलॲलनिन रक्तात साचत जाते आणि वाढत्या मेंदूला इजा करते. गर्भात असताना आईचे शरीर बाळाचे रक्षण करते. जन्मानंतर दूध सुरू झाले की धोका सुरू होतो. म्हणूनच ही मुले जन्मतः निरोगी दिसतात.

निदानापासून उपचारापर्यंतचे अंतर इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या बाल रुग्णालयात पार झाले. १९५१ मध्ये डॉ. होर्स्ट बिकेल यांच्याकडे सुमारे दोन वर्षांची एक मुलगी आणण्यात आली. तिला उभे राहता येत नव्हते आणि ती सतत कण्हत असे. बिकेल यांनी फोलिंग यांच्या चाचणीवरून निदान केले, पण उपचार उपलब्ध नव्हता. मुलीची आई मात्र दररोज प्रयोगशाळेत येऊन उपाय कधी सापडणार, असे विचारीत राहिली. अखेर लंडनचे जीवरसायनशास्त्रज्ञ लुई वुल्फ यांच्या सल्ल्याने बिकेल, जॉन जेरार्ड आणि एव्हलिन हिकमन्स यांनी दुधातील केसीन या प्रथिनाचे विघटन केले आणि सक्रिय कोळशाच्या साहाय्याने त्यातील फिनाइलॲलनिन काढून टाकले. या मिश्रणावर मुलीला ठेवण्यात आले.

सुरुवातीला रक्तातील फिनाइलॲलनिन कमी झाले, पण मुलीचे वजनही घटू लागले. फिनाइलॲलनिन हे वाढीसाठी अत्यावश्यक असलेले अमिनो आम्ल आहे आणि शरीर ते स्वतः तयार करू शकत नाही. ते पूर्णपणे बंद केल्यामुळे शरीर स्वतःचीच प्रथिने मोडू लागले होते. मोजून थोडे दूध सुरू केल्यावर वजन सावरले. पुढील काही महिन्यांत मुलगी रांगू लागली, उभी राहू लागली आणि तिचे डोळे पूर्वीपेक्षा तरतरीत दिसू लागले. हा परिणाम आहाराचाच आहे का, हे पाहण्यासाठी आईला न सांगता तिच्या आहारात पुन्हा फिनाइलॲलनिन मिसळण्यात आले, तेव्हा तिची प्रकृती लगेच खालावली. हे संशोधन १९५३ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. विष ठरणारा पदार्थ बंद करायचा नाही, तर मोजून द्यायचा, हे या उपचाराचे सूत्र तेव्हापासून कायम आहे.

मात्र मेंदूची झालेली हानी आहाराने भरून निघत नाही, हेही लवकरच लक्षात आले. उपचार पहिल्या काही दिवसांतच सुरू होणे आवश्यक होते. फोलिंग यांची हिरव्या रंगाची चाचणी येथे अपुरी पडत होती, कारण बाळाच्या लघवीत फिनाइलपायरुविक आम्ल दिसू लागण्यास काही आठवडे लागतात. हा प्रश्न अमेरिकेतील डॉ. रॉबर्ट गथ्री यांनी सोडवला. टाचेच्या रक्ताचे थेंब कागदावर सुकवून जिवाणूंच्या साहाय्याने फिनाइलॲलनिन मोजण्याची स्वस्त पद्धत त्यांनी शोधली. अमेरिकेतील २९ राज्यांत ४ लाखांहून अधिक अर्भकांची या पद्धतीने तपासणी करण्यात आली. त्यात ३९ अर्भकांमध्ये हा विकार आढळला. सर्व नवजात अर्भकांची तपासणी करण्याची कल्पना येथून जगभर पसरली.

दरम्यान फोलिंग यांनी काही काळ नॉर्वेच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन केले. १९५३ मध्ये ते ऑस्लोच्या रिक्सहॉस्पिटालेट या राष्ट्रीय रुग्णालयात प्राध्यापक आणि मध्यवर्ती प्रयोगशाळेचे प्रमुख झाले आणि १९५८ मध्ये ७० व्या वर्षी सेवानिवृत्त झाले. डिसेंबर १९६२ मध्ये त्यांना जोसेफ पी. केनेडी ज्युनियर प्रतिष्ठानचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष जॉन एफ. केनेडी यांच्या हस्ते प्रदान करण्यात आला. शोध लागल्यानंतर २८ वर्षांनी हा सन्मान त्यांच्या वाट्याला आला. २४ जानेवारी १९७३ रोजी वयाच्या ८४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी मार्चमध्ये नोबेल पुरस्कारप्राप्त अमेरिकन लेखिका पर्ल बक यांचेही निधन झाले. वाढ खुंटलेल्या आपल्या मुलीविषयी त्यांनी १९५० मध्ये पुस्तक लिहिले होते. मुलीला फिनाइलकीटोन्युरिया असल्याचे निदान झाले, तोपर्यंत ती प्रौढ झाली होती.

ज्या दोन भावंडांमुळे हा शोध लागला, त्यांना त्याचा लाभ मिळू शकला नाही. मुलगा अल्पवयातच मरण पावला आणि मुलगी आयुष्यभर इतरांवर अवलंबून राहिली. आहाराचा उपचार सापडला तेव्हा त्यांची वेळ निघून गेली होती. मात्र त्यांच्या आईने न सोडलेला प्रश्न पुढच्या पिढ्यांतील हजारो मुलांना उपयोगी पडला.

आज या विकाराने ग्रस्त मुलांच्या आहाराचे गणित बरेच काटेकोर झाले आहे. प्रथिनांच्या वजनाच्या सुमारे पाच टक्के भाग फिनाइलॲलनिनचा असतो, म्हणजे एक ग्रॅम प्रथिनांतून साधारण ५० मिलिग्रॅम फिनाइलॲलनिन मिळते. विकार तीव्र असलेल्या लहान मुलाला दिवसाला जेमतेम २०० ते ५०० मिलिग्रॅम फिनाइलॲलनिन सोसते. गाईच्या दुधाच्या एका मध्यम पेल्यातच सुमारे ३०० मिलिग्रॅम असते. साहजिकच मांस, मासे, अंडी, पनीर, डाळी, कडधान्ये आणि शेंगदाणे वर्ज्य ठरतात. पोळी, भाकरी आणि भातही मोजूनच द्यावे लागतात. फळे, बऱ्याच भाज्या, साखर, तेल, तूप आणि साबुदाणा यांना या आहारात वाव असतो. साबुदाण्यात प्रथिने नगण्य असली, तरी खिचडीत घातलेले शेंगदाण्याचे कूट मात्र अशा मुलाला चालत नाही.

नुसते पथ्य पाळले, तर मूल कुपोषित होईल. म्हणून फिनाइलॲलनिन वगळून इतर सर्व अमिनो आम्ले, जीवनसत्त्वे आणि खनिजे असलेले विशेष दुग्धपर्यायी मिश्रण हा या आहाराचा कणा असतो. शरीरात टायरोसीन तयार होत नसल्याने तेही या मिश्रणातून दिले जाते. आईच्या दुधात गाईच्या दुधापेक्षा फिनाइलॲलनिन बरेच कमी असते. त्यामुळे मिश्रणाच्या जोडीने स्तनपानही मर्यादित प्रमाणात सुरू ठेवता येते. तान्ह्या बाळाच्या रक्ताची तपासणी साधारणतः दर आठवड्याला करून आहाराचे प्रमाण बदलले जाते. हे पथ्य बालपणानंतर थांबवता येते, असा पूर्वी समज होता. आता ते आयुष्यभर पाळण्याचा सल्ला दिला जातो. हा विकार असलेल्या स्त्रीने गर्भधारणेपूर्वीपासून काटेकोर आहार ठेवला नाही, तर निरोगी गर्भाच्या मेंदूलाही हानी पोहोचू शकते. २००७ आणि २०१८ मध्ये अमेरिकेत काही औषधांना मान्यता मिळाली, तरी बहुसंख्य मुलांसाठी आहार हाच मुख्य उपचार राहिला आहे.

भारतात नवजात अर्भकांची अशी तपासणी राष्ट्रीय पातळीवर अद्याप अनिवार्य झालेली नाही. गोव्याने २००८ मध्ये सरकारी रुग्णालयांत जन्मणाऱ्या बाळांसाठी व्यापक तपासणी कार्यक्रम सुरू करून या दिशेने पाऊल टाकले होते. केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणात फिनाइलकीटोन्युरियाचा समावेश विशेष आहाराने आटोक्यात ठेवता येणाऱ्या आजारांच्या गटात करण्यात आला आहे. या धोरणांतर्गत निश्चित केलेल्या उत्कृष्टता केंद्रांमध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयाचाही समावेश आहे. आस्पार्टेम हे कृत्रिम गोडी आणणारे द्रव्य असलेल्या शीतपेयांच्या व खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर फिनाइलकीटोन्युरियाच्या रुग्णांसाठी इशारा छापलेला असतो. आस्पार्टेममध्ये फिनाइलॲलनिन असते, हे त्यामागचे कारण आहे.

मूल वाढीत मागे पडत असेल किंवा त्याच्या अंगाला व लघवीला सतत कुबट वास येत असेल, तर तज्ज्ञांकडून चयापचयाची तपासणी करून घेणे हितावह ठरते. आधीच्या अपत्याला असा विकार असेल, तर पुढील बाळाची तपासणी जन्मानंतर लगेच होणे आवश्यक आहे. फोलिंग यांच्याकडे १९३४ मध्ये साधने मोजकीच होती. एका आईच्या बोलण्याकडे त्यांनी लक्ष दिले, अनपेक्षित रंगाची नोंद घेतली आणि उत्तर मिळेपर्यंत काम थांबवले नाही. आज चाचणी आणि आहार दोन्ही उपलब्ध आहेत, आणि ते बाळापर्यंत पहिल्या १० दिवसांत पोहोचणे यावरच त्याचे भवितव्य अवलंबून असते.